कमी चाललेली, समुद्राजवळची

वर्सोव्याच्या जेट्टीवरून समोरचे मढ हाकेच्या अंतरावर दिसते. फेरीबोटीत माणसे चढतात, मासळीच्या पाट्या चढतात, स्कूटरीही चढतात. चारचाकी चढत नाही. तिला लिंक रोडने मालाड गाठून मार्वे रोड, मालवणी, आक्सा, एरंगळ असा वीसेक किलोमीटरचा वळसा घालावा लागतो. मढ-वर्सोवा पुलाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. तोवर मढमधली प्रत्येक मोटार त्याच रस्त्याने आत येते आणि त्याच रस्त्याने बाहेर जाते. इथली सेकंड हँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची असेल तर आधी हा भूगोल ध्यानात घ्यावा, गाडीचे मॉडेल नंतर.

मढमध्ये दोन तऱ्हेच्या गाड्या विकायला निघतात. एक गावातल्या घरची. तिचे चालणे म्हणजे मढ-मालाड-मढ: पोरांची शाळा, स्टेशन, बाजार, डॉक्टर. दुसरी बंगल्यावरची. आठवडाभर माडाखाली उभी, शनिवारी मालक आला की आक्सापर्यंत एक चक्कर, मग पुन्हा अंगावर कव्हर. दोन्हींच्या जाहिरातीत ओळ मात्र एकच असते: सिंगल ओनर, कमी रनिंग. गिऱ्हाईक त्या ‘कमी रनिंग’वर खूश होऊन चार पैसे जास्त मोजते. माझे मत नेमके उलटे आहे. सात वर्षांत तीस-पस्तीस हजार किलोमीटर चाललेली समुद्रालगतची गाडी ही मुंबई-नाशिक हायवेवर लाखभर धावलेल्या तिच्याच वयाच्या गाडीपेक्षा जास्त संशयाने बघावी. दोघींचा भाव सारखा असेल तर मी नाशिकवाली घेईन.

आधी हे वाहन मुळात काय आहे ते थोडक्यात. कॉम्पॅक्ट एसयूव्ही आपल्याकडे डोंगरदऱ्यांसाठी नव्हे, करासाठी जन्मली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलमध्ये १२०० सीसी, डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. मग कंपन्या टेप घेऊनच गाड्या आखू लागल्या. या मापातली पहिली एसयूव्ही आणली ती कुर्ल्याच्या पद्मिनीवाल्या प्रीमियरने, २००९मध्ये. तिचे नाव रिओ, कारखाना चिंचवडचा. ती फारशी चालली नाही. बाजार खरा उघडला २०१३च्या फोर्ड इकोस्पोर्टने. मग २०१६मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७मध्ये रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन, २०१९मध्ये नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू. २०१२ची रेनॉ डस्टर चार मीटरपेक्षा लांब, पण जुन्या गाड्यांच्या बाजारात तीही याच रांगेत उभी असते.

यातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांची पुढचीच चाके ओढतात. उंच बसणी, जमिनीपासून दोनशे मिलिमीटरच्या आसपास उंची आणि जीपसारखा चेहरा एवढ्यावर लोक त्यांना जीप समजतात. त्यामुळे त्या आक्साच्या वाळूत रुततात आणि टोचन लावून बाहेर काढाव्या लागतात. भरतीचे पाणी चाकांना लागलेली गाडी नंतर गोड्या पाण्याने खालून धुतली की नाही, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आता मिठाचे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर बसतात, पाणी उडून जाते, मीठ उरते. कोरडे मीठ लोखंडाला फारसे काही करत नाही. गंजायला ओल लागते, कारण लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्यातली ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि मीठ त्या पाण्यातून वीज सहज वाहू देते. पण ओल यायला पाऊस लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागते. मढची हवा एवढी कोरडी क्वचितच होते. म्हणजे वलांडीवर बोंबील खडखडीत वाळत असतात त्या दिवसातही शेजारच्या गाडीच्या पोटाखालचा मिठाचा थर ओलसर असू शकतो. पावसाळा उलट थोडाफार बरा, कारण पाऊस निदान वरचा पत्रा धुतो. खालचा भाग, चाकांच्या कमानींचा आतला कोपरा, दरवाज्याच्या तळाची दुमड, इथे त्याचा हात पोचत नाही.

हा मारा सगळीकडे सारखा नसतो. जड थेंब किनाऱ्यालगतच पडतात, आत जावे तसे मीठ झपाट्याने कमी होते. मालाड स्टेशनजवळच्या सोसायटीत तळघरात उभी राहणारी गाडी आणि मढच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी राहणारी गाडी, दोघींच्या आरसीवर बोरिवली आरटीओचा एमएच-४७ असेल; पण त्यांची वये एकच समजू नयेत. पत्त्याची चौकशी करावी ती यासाठी. गाडी रात्री कुठे उभी राहायची, छपराखाली की उघड्यावर, हा प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते’च्या आधीचा.

आधुनिक गाड्यांच्या पत्र्यावर बऱ्याच ठिकाणी जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. म्हणून वरून बघाल तर दहा वर्षांची गाडीही चकचकीत दिसते. गंज सुरू होतो तो कापलेल्या कडांवर, वेल्डिंगच्या ठिपक्यांवर, पोकळ तुळ्यांच्या आत, जिथे पाणी निघायची भोके माती आणि पाल्याने बुजलेली असतात. माडाखाली उभ्या गाडीत ती हटकून बुजतात. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतून निघणाऱ्या बारीक नळ्याही तुंबतात, आणि ते पाणी छताच्या अस्तरातून खाली थेट गालिच्याखाली जाते. मालकाला वर्षभर फक्त कुबट वास येतो, तो एसीचा समजून तो अत्तराची डबी लावतो.

मालवणीतल्या एका गॅरेजात रॅम्पवर चढवलेली अशी एक गाडी मी जवळून पाहिली. बंगल्यावरची, मोत्यासारखा पांढरा रंग, आतली प्लॅस्टिकची आवरणेसुद्धा काढलेली नव्हती. खाली सगळीकडे काळेभोर अँटी-रस्ट कोटिंग. मिस्त्रीने त्यावरून बोट फिरवले आणि काळे झालेले बोट गिऱ्हाइकाला दाखवले.

‘‘दादा, हे कोटिंग आठवड्याच्या आतलं आहे.’’

दलाल म्हणाला, ‘‘पावसाळ्यासाठी केलंय, चांगलंच ना?’’

मिस्त्री काही बोलला नाही. त्याने पेचकसाच्या मुठीने पुढच्या सबफ्रेमवर टकटक केले. टणक आवाज आला. मग मागे गेला, मागच्या एक्सलच्या कडेला तसेच ठोकले. आवाज बद्द आला आणि कोटिंगसकट तांबूस पापुद्रे खाली पडले. सायलेन्सरचा जोड हाताने हलत होता, मागच्या ब्रेकच्या लोखंडी नळीवर फोड आले होते. वरचा रंग बघून जे लाखांचे गणित झाले होते ते तिथेच बदलले.

गंजावर काळे फासले की गंज थांबत नाही, झाकला जातो. ओल आतच अडकते. म्हणून जुन्या गाडीखाली ताजे कोटिंग दिसले की आनंद मानू नये, का केले ते विचारावे. वरवरचा गंज, म्हणजे डिस्कवर, नटबोल्टवर, सायलेन्सरवर, तो मुंबईत सगळ्याच गाड्यांना असतो. त्याची भीती नको. सबफ्रेम, मागचा एक्सल, सस्पेन्शन जिथे अंगाला जोडले जाते त्या जागा आणि दरवाज्यांखालची लांब पट्टी यांवर टोकदार पेचकस रुतला, तर गाडी सोडून द्यावी. ते दुरुस्त होते असे सांगणारे भेटतील. इकोस्पोर्टसारख्या गाडीत स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते. तिच्या बिजागऱ्या आणि दाराची खालची कड वेगळी तपासावी.

मिठाचा दुसरा घाव विजेवर. पाच-सात वर्षांपूर्वीच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीतही डझनावारी सेन्सर आहेत आणि प्रत्येकाला एक जोडणी आहे. तांब्याच्या पिनेवर हिरवी बुरशी चढली की गाडी विनाकारण नखरे करू लागते: आज एबीएसचा दिवा, उद्या पार्किंग सेन्सर, परवा एक काच वर जात नाही. बॅटरीची अर्थिंगची पट्टी आधी बघावी. अनेक भुताटक्या तिथेच उतरतात. एसीच्या पुढच्या कंडेन्सरचे अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे बोटाने चुरा होत असतील तर गॅस गळणार हे नक्की. कंडेन्सर बदलणे सोपे. आतली कूलिंग कॉइल बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरतो, आणि उतरलेला डॅशबोर्ड पुन्हा न करकरता बसेलच असे नाही.

पाणी ही मुंबईची आणखी एक परीक्षा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा या गाड्या अजून यायच्या होत्या. २९ ऑगस्ट २०१७च्या ३३१ मिलिमीटरला आणि जुलै २०१९च्या मुसळधारेला त्या रस्त्यावर होत्या. त्याच जुलैच्या सुरुवातीला मालाडच्या सबवेत पाण्यात अडकलेल्या एका एसयूव्हीत दोन जणांचा जीव गेला. उंच गाडी पाण्यातून जाते हा भरवसा किती फसवा आहे, याहून वेगळे सांगायला नको. कंपनी ५५० मिलिमीटर पाण्यातून जाईल म्हणते, तसे फोर्डने इकोस्पोर्टबद्दल म्हटले होते, ते सावकाश आणि संथ पाण्यातले. पुढून बसची लाट आली की पाणी बोनेटवर चढते, हवा ओढायच्या नळीतून सिलिंडरात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी घाबरून पुन्हा स्टार्टर मारला की उरलेसुरले काम होते, आणि नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी भर घ्यावी लागते.

अशा गाड्या विमा कंपनीकडून भंगारात जातात, काही पुन्हा उभ्या राहतात. बुडालेली गाडी ओळखायला यंत्र लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग नेहमी गुंडाळीत असतो तिथे गढूळ पाण्याची रेघ किंवा चिखलाचा वास सापडतो. गालिचा कोणी बदलतो, सीटच्या खालची रूळपट्टी आणि तिचे बोल्ट सहसा कोणी बदलत नाही. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून लोखंडी पट्ट्या बघा. सगळ्यात महत्त्वाचे, एअरबॅगचे नियंत्रण करणारी डबी बहुतेक गाड्यांत गिअरच्या कन्सोलखाली, अगदी जमिनीला लागून असते. म्हणजे आत पाणी आले की आधी तीच भिजते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर दोष आहे. लागलाच नाही, तर दोष लपवायला कोणीतरी हात घातला आहे.

पाण्याची धास्ती कंपन्यांनाही आहे. सप्टेंबर २०२१मध्ये मारुतीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या, त्यात व्हिटारा ब्रेझाही, मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी परत बोलावल्या. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असेही मालकांना कळवले होते. परत बोलावणे ही बदनामी नव्हे. कंपनीने दोष कबूल केला आणि फुकट दुरुस्त केला. काळजी त्या गाडीची, जिचा मालक गेलाच नाही. चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये दिला की कुठले काम राहिले आहे ते कळते.

कमी चालण्याचा शाप सगळ्यात जास्त भोवतो डिझेलला. एप्रिल २०२०पासून भारत स्टेज ६ आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी, डीपीएफ, बसली. तिच्यात काजळी साठते आणि ती जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियस तापमान लागते. हायवेवर अर्धा तास एकसारखी गाडी पळाली की हे आपोआप होते. मढहून निघून मालवणीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर सरकत स्टेशनला पोचणारी गाडी ते तापमान गाठतच नाही. मग संगणक स्वतःहून जादा डिझेल फवारून जाळी तापवू पाहतो. मधेच मालक घरी पोचतो, चावी काढतो, काम अर्धवट राहते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. म्हणून बीएस-६ डिझेलची डिपस्टिक काढून बघायची ती ऑइल कमी आहे का एवढ्यासाठी नाही. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी छोट्या फेऱ्यांवर मारली गेली आहे. पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही. नवी जाळी बसवण्याचा खर्च ऐकून अनेक जण ती कापून काढतात; मग गाडी कायद्याने रस्त्यावर यायच्या लायकीची राहत नाही.

त्यामानाने आधीची बीएस-४ डिझेले सोशिक होती. ब्रेझातले १.३ लिटरचे इंजिन हे मूळ फियाटचे मल्टिजेट. हेच इंजिन स्विफ्टपासून पुढे इतक्या गाड्यांत गेले की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. त्याला टायमिंग चेन असते. डस्टरच्या आणि इकोस्पोर्टच्या दीड लिटर डिझेलला रबरी पट्टा. पट्टा किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो, आणि कमी चाललेल्या गाडीचा मालक हे दुसरे कलम वाचत नाही. पट्टा तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. तो कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असे समजून भाव करावा. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल बंदच केले, त्यामुळे चांगल्या ब्रेझा डिझेलला आजही भाव आहे.

पेट्रोलमध्येही पट्ट्याची एक गोष्ट आहे. इकोस्पोर्टच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये ऑइल पंप फिरवणारा पट्टा ऑइलमध्येच बुडालेला असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईतच बनलेल्या होत्या, आणि २०१८ ते २०२२ या मॉडेल-वर्षांच्या त्या गाड्या फोर्डला डिसेंबर २०२३मध्ये याच पट्ट्यापायी आणि त्याच्या टेन्शनरपायी परत बोलवाव्या लागल्या. पंप थांबला की ऑइलचा दाब जातो आणि इंजिन बसते. आपल्याकडे हे इंजिन थोड्याच गाड्यांत आले. पण जाहिरातीत ‘१२५ पीएस टर्बो’ वाचून हुरळणाऱ्याने हे माहीत असू द्यावे.

ऑटोमॅटिकचा प्रश्न मुंबईत वेगळाच आहे, कारण इथे गाडी चालण्यापेक्षा सरकते जास्त. आरामाचे नाव एक, आतली यंत्रे चार. एएमटी म्हणजे नेहमीचाच क्लच, फक्त पायाऐवजी मोटर दाबते. गर्दीत क्लचप्लेट लवकर संपते, पण ती बदलता येते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन चक्रांमध्ये तेल असते, ते सरकणे सोसते. सीव्हीटीच्या तेलावर लक्ष ठेवावे. चौथा तो कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. सुरुवातीच्या पेट्रोल ऑटोमॅटिक इकोस्पोर्टमध्ये तोच होता, पॉवरशिफ्ट नावाचा. इंच-इंच सरकताना त्याचे क्लच अर्धवट घासत राहतात, तापतात आणि गाडी थरथरते. ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या मालकांच्या याच तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०१८मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१७च्या नव्या रूपातल्या इकोस्पोर्टमध्ये फोर्डने टॉर्क कन्व्हर्टर दिला, म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. व्हेन्यूच्या टर्बो ऑटोमॅटिकमध्येही कोरडाच दुहेरी क्लच आहे. अशा गाडीची ट्रायल रविवारी सकाळी रिकाम्या आक्सा रोडवर घेऊन काही कळत नाही. संध्याकाळी सातला मार्वे रोडवर घ्या, अर्धा तास सरकवा, मग बघा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का. इंजिन थंड असतानाच सुरू करायचे, हेही आधीच बजावून ठेवावे. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणे ही जुनी युक्ती आहे.

खड्ड्यांबद्दल फार लिहीत नाही. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपच्या वरचे माउंट हे मुंबईत खपायचेच आणि तुलनेने स्वस्तात बदलायचेच. स्पीडब्रेकरवर टकटक ऐकून कोणी चांगली गाडी सोडू नये. कोणी हौसेने मोठी चाके बसवली असतील तर मात्र रिम वाकले आहे का ते बघावे.

भरवशाची दुसरी बाजू सुट्या भागांची. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ला भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. इकोस्पोर्टची चेसिस आणि वळणे अजूनही तिच्या तोडीच्या गाड्यांना लाजवतील अशी. पण मढच्या माणसाने विचार करायचा तो असा, की हेडलाइट फुटला तर किती दिवस गाडी उभी राहील. क्लच, ब्रेक, फिल्टर मिळत राहतील. अडते ते बाहेरचे प्लॅस्टिक, काच, संगणकाच्या डब्या. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला खेपा सुरू होतात, आणि तिथे मिळालेली डबी कुठल्या बुडालेल्या गाडीतून आली हे विचारण्यात अर्थ नसतो. प्रीमियर रिओवाल्यांना हे सगळे आधीच कळून चुकले आहे, फक्त इंजिनाचे भाग सोडून, कारण तिच्या पुढच्या आवृत्तीत तेच राष्ट्रीय मल्टिजेट होते. बंद झालेली गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. तिचा भाव पडतो, आणि जवळ जाणता मिस्त्री असला तर तो सौदा असतो.

भाव करताना नव्या गाडीचा आजचा भाव समोर ठेवावा, मालकाने मोजलेला नव्हे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि त्याच जुन्या सीसीच्या मर्यादेतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४०. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे, ती १८मध्ये बसली. ब्रेझाचे १४६२ सीसीचे, ती लांबीने लहान असूनही ४०मध्ये राहिली. त्याआधी नेक्सॉन पेट्रोल घेतलेल्या माणसाला आपली गाडी किती उतरली हे पटत नाही, आणि तो जुन्या बिलाची झेरॉक्स काढून दाखवतो. ऐकून घ्यावे.

कागद मात्र बारकाईने वाचावेत. तिथे गाडी जे लपवते ते सापडते. विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा आकडा असतो. एक वर्ष दावा नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, ‘कुठे घासलीसुद्धा नाही’ अशा गाडीच्या पॉलिसीवर २० टक्के दिसले, तर गेल्या दोन-तीन वर्षांत काहीतरी झाले असावे. मग काचा बघा: प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनावटीच्या वर्षाची खूण असते, पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, म्हणजे ती बदललेली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण, हे जुळत नाही. मीटर मागे फिरवलेले असण्याची शक्यता धरावी. उलट टायर मूळचेच, नक्षी भरपूर पण कडेला बारीक भेगा, तर ती खरोखर कमी चाललेली आणि उन्हात उभी राहिलेली गाडी. चारही टायरचे पैसे भावातून वजा करावेत. पुट्टी ओळखायला फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पुरते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. जाडी मोजायचे यंत्र मिळाले आणि आकडा तीनशेच्या वर गेला, तर रंगकाम पुन्हा झाले आहे, रंगाखाली पुट्टीही असू शकते.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, पासिंगची मुदत दिसते. दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल एसयूव्ही दिसली तर तिकडच्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे ती स्वस्त असू शकते हे लक्षात ठेवावे. तिकडच्या कोरड्या हवेत पत्रा चांगला राहिलेला असू शकतो, पण इथला रोड टॅक्स, एनओसी आणि आरटीओच्या खेपा धरून हिशेब करावा.

विकणाऱ्यालाही एक काम असते आणि ते बहुधा राहून जाते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, पैसे घेऊन, गाडी दलालाच्या हवाली केली की आपण मोकळे, असा समज आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये सांगितले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. तिसऱ्या माणसाने केलेल्या अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागितली जाऊ शकते. म्हणून गाडी मढमधून गेल्यावर त्याच अ‍ॅपवर आपला जुना नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरे बदलली का ते बघत राहावे, आणि दलालाला फोन करत राहावा.